स्वतःची छोटी स्क्रिप्टिंग भाषा बांधा: बेळगावकडच्या नवख्यांसाठी पायरी पायरीने

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना मी सुट्टीत प्रोग्रॅमिंग शिकवतो. मुलं खानापूरची असोत, निपाणीची असोत की वडगावची, एक प्रश्न ठरलेला: आपण लिहिलेली ओळ कॉम्प्युटरला कळते कशी? व्याख्या पाठ करून हा प्रश्न सुटत नाही. एक छोटी भाषा स्वतः बांधली की सुटतो, आणि कायमचा सुटतो.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे. तिथल्या कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात कंपायलरचा, म्हणजे आपला प्रोग्रॅम मशिनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचा, विषय येतो, पण बहुतेकांच्या डोक्यात तो परीक्षेपुरता उरतो: तक्ते, संच, आकृत्या. हा लेख परीक्षेसाठी नाही. ज्याला पायथॉनमध्ये लूप, फंक्शन, लिस्ट आणि डिक्शनरी वापरता येते, त्याला दोन-तीन आठवड्यांच्या फावल्या वेळात चालणारा इंटरप्रीटर, म्हणजे आपल्या भाषेतला प्रोग्रॅम वाचून तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्रॅम, बांधता यावा, एवढ्यासाठी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. लेक्सर (मजकुराचे तुकडे पाडणारा भाग) पूर्ण करू, मग पार्सर (त्या तुकड्यांची रचना ओळखणारा भाग) पूर्ण करू, मग चालवू, असं करू नका. एकच ओळ घ्या, ती पहिल्या दिवशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा, आणि मग भाषा वाढवत न्या. अर्धवट सोडलेले बहुतेक इंटरप्रीटर मी पाहिलेत ते लेक्सरमध्येच अडकलेले. काही चालताना दिसलं नाही की माणूस कंटाळतो, यात त्याचा दोष नाही.

काय काय लागेल

- कुठलाही चालू स्थितीतला लॅपटॉप. जुना असला तरी चालतो, हे काम जड नाही.
- पायथॉन ३. पायथॉन २ नको, कारण देवनागरी मजकूर हाताळणं तिच्यात फार त्रासाचं आहे.
- साधा एडिटर, जो फाईल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीही बसते अशा साठवणीच्या पद्धतीत, म्हणजे एन्कोडिंगमध्ये) जतन करतो.
- मराठी टंकलेखन. इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, हात बसलेला असावा.
- रेघी वही आणि पेन्सिल. हे सगळ्यात आधी लागणार आहे.

आपल्या भाषेला नाव हवं. इथे आपण तिला 'कुंदा' म्हणू.

१. भाषा आधी वहीत लिहा

कोडला हात लावण्याआधी आपल्या भाषेतले चार-पाच प्रोग्रॅम वहीत लिहून काढा. ते चालणार नाहीत, भाषाच नाही अजून. पण ते लिहितानाच भाषा ठरते. मार्केट यार्डात बटाटा विकायला नेणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब घेऊ:

ठेव पोती = १२
ठेव वजन = ५०
ठेव भाव = १८
ठेव हमाली = पोती * ८
दाखव पोती * वजन * भाव - हमाली

उत्तर १०७०४ यायला हवं. हा प्रोग्रॅम आपल्याला शेवटपर्यंत उपयोगी पडेल.

इथे पहिला निर्णय येतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून मुलं हट्टाने 'भाव दाखव' असं लिहायला जातात. तसं करता येतं, ओळ संपेपर्यंत सगळे तुकडे गोळा करून शेवटचा शब्द बघायचा. पण पहिल्या भाषेत क्रियापद पुढे ठेवा. ओळीचा पहिला शब्द वाचल्याबरोबर पार्सरला कळतं की पुढे काय येणार, आणि निम्मं काम हलकं होतं. 'भावाला', 'भावाचा' अशी विभक्तीची रूपं समजून घेण्याच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका. आपण प्रोग्रॅमिंगची भाषा बांधतोय, मराठीचं व्याकरण कॉम्प्युटरला शिकवत नाही आहोत.

मग नियम लिहा. जॉन बॅकस आणि पीटर नाऊर यांनी अल्गॉल ६० या भाषेसाठी जी मांडणी वापरली, तीच आजही वापरतात. आपली अशी दिसेल:

विधान → "ठेव" नाव "=" तुलना, किंवा "दाखव" तुलना
तुलना → बेरीज, आणि हवं तर पुढे ("<" किंवा ">" किंवा "==") बेरीज
बेरीज → गुणाकार, मग कितीही वेळा ("+" किंवा "-") गुणाकार
गुणाकार → एकल, मग कितीही वेळा ("*" किंवा "/") एकल
एकल → "-" एकल, किंवा मूळ
मूळ → अंक, किंवा नाव, किंवा "(" तुलना ")"

ही सहा वाक्यं वहीच्या एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. चौथ्या पायरीत प्रत्येक वाक्याचं एक फंक्शन होणार आहे.

२. एक ओळ आरपार चालवा

'दाखव ५' एवढीच ओळ चालवा. मधल्या रिकाम्या जागेवर तोडा, पहिला तुकडा 'दाखव' आहे का बघा, दुसऱ्याचा अंक करा, छापा. दहा-बारा ओळींचा कोड होईल. तो पुढे पूर्ण बदलणार आहे, तरीही तो आधी करा, कारण फाईल वाचणं, मराठी मजकूर पडद्यावर येणं, या कटकटी इथेच निपटतात.

विंडोजवर दोन गोष्टी नक्की अडवतील. फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर पायथॉन विंडोजची स्थानिक सेटिंग घेतो आणि अक्षरांचा चिवडा होतो. दुसरं, काही एडिटर फाईलच्या सुरुवातीला बीओएम नावाचं अदृश्य चिन्ह टाकतात. मग पहिल्या ओळीतला 'ठेव' ओळखलाच जात नाही आणि बाकीच्या ओळी मात्र बरोबर चालतात. असं झालं तर एन्कोडिंगचं नाव 'यूटीएफ-८-सिग' द्या, ते चिन्ह गाळलं जातं.

कमांडच्या काळ्या खिडकीत देवनागरी तुटक दिसली तर घाबरू नका. मजकूर आत बरोबर असतो, दाखवणारी खिडकी कमी पडते. पायथॉनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये चालवून बघा.

३. मजकुराचे तुकडे पाडा: लेक्सर

लेक्सर अक्षरांची लांबलचक माळ घेतो आणि टोकन देतो. 'ठेव भाव = १८' या ओळीची पाच टोकनं: राखीव शब्द 'ठेव', नाव 'भाव', चिन्ह '=', अंक १८, आणि ओळ संपली. प्रत्येक टोकनासोबत त्याचा ओळ क्रमांक आत्ताच ठेवा, नंतर घालायला गेलात तर सगळीकडे हात घालावा लागतो.

इंग्रजी भाषा बांधणाऱ्यांसाठी ही पायरी सोपी असते. आपल्यासाठी नाही, म्हणून इथे जरा थांबू.

*मात्रा.* जगभरच्या लेखांत लिहिलेलं असतं: अक्षर आहे का हे पायथॉनच्या 'इजअल्फा'ने तपासा. 'भाव' या शब्दात कॉम्प्युटरला तीन चिन्हं दिसतात: भ, काना, व. 'भ' साठी होकार येतो, काना आला की नकार येतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, मात्रा आणि हलंत ही अक्षरं नव्हेत, ती 'मार्क' या वेगळ्या गटात आहेत. लेक्सर 'भ' नावाचं व्हेरिएबल बनवतो आणि काना अनोळखी चिन्ह म्हणून फेकतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीतला) 'शब्दाचं अक्षर' दाखवणारा संकेतही पायथॉनमध्ये असाच मात्रेवर अडतो. उपाय सोपा आहे. आतापर्यंत जमलेलं नाव आणि पुढचं चिन्ह जोडून 'इजआयडेंटिफायर'ला विचारा. तो मात्रा, हलंत, अनुस्वार सगळं मान्य करतो, आणि नावाच्या सुरुवातीला अंक आला तर नाकारतो. आपल्याला हेच हवं.

*राखीव शब्द.* 'जर' दिसलं की लगेच राखीव शब्द म्हणून तोडू नका. शहापूर-वडगावच्या साडीचा हिशेब लिहिणाऱ्याने व्हेरिएबलला 'जरतारी' नाव दिलं, तर तुमचा लेक्सर 'जर' आणि 'तारी' असे दोन तुकडे करेल. आधी पूर्ण नाव वाचा, मग ते राखीव शब्दांच्या डिक्शनरीत आहे का बघा. क्रम हाच.

*ऱ आणि अदृश्य चिन्हं.* 'शेतकऱ्याचा' मधला ऱ्या दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. कधी ऱ हे स्वतंत्र चिन्ह येतं, कधी र आणि खाली नुक्ता, कधी र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक. डोळ्याला सगळं सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. एकाच व्हेरिएबलची दोन व्हेरिएबलं होतात आणि 'असं नाव नाही' असा निरोप येतो, जो वाचून माणूस चक्रावतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणीकरणाने एक होतात, पायथॉनमध्ये त्यासाठी 'युनिकोडडेटा' हे मॉड्यूल तयार आहे. तिसरा त्याने सुटत नाही. त्यासाठी आधी 'र, हलंत, जोडक' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलंत' घाला, आणि मग बाकीचे शून्य रुंदीचे जोडक काढून टाका. जोडक नुसताच काढला तर ऱ्या चा र्या होईल. हे सगळं फक्त नावांत करा, अवतरणातल्या मजकुराला हात लावू नका.

*अंक.* इथे पायथॉन आपल्या बाजूने आहे. 'इंट' ला '१८' दिलं तरी तो मुकाट्याने अठरा करतो. कन्नड अंकही त्याला तितकेच चालतात, म्हणजे बसच्या पाटीवरचा आकडा तसाच टाइप केला तरी कुंदा तो वाचेल. सीमाभागात ही सोय मला फार मोलाची वाटते, ठेवाच. छापताना मात्र पायथॉन इंग्रजी अंकच छापतो. उत्तर देवनागरीत हवं तर दहा अंकांचा एक तक्ता करून 'ट्रान्सलेट' वापरा.

*राहिलेले खड्डे.* '==' आधी तपासा, '=' नंतर. फोनवरून आलेल्या मजकुरात अवतरणचिन्हं वळणदार असतात, ती साध्यांसारखीच स्वीकारा. आणि जे चिन्ह ओळखता येत नाही ते गुपचूप सोडून देऊ नका, ओळ क्रमांकासह तक्रार करा.

४. झाड बांधा: पार्सर

टोकनांच्या माळेतून झाड बनवायचं, म्हणजे कुठली क्रिया कोणावर करायची ते दाखवणारी रचना. इथे बहुतेकांना तयार साधन वापरण्याचा किंवा परीक्षेतल्या एलआर तक्त्यांकडे (तक्ते बघून पार्स करण्याच्या पद्धतीकडे) जाण्याचा मोह होतो. शिकण्यासाठी पार्सर हाताने लिहा. मोठे लोकही तेच करतात: जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरने सी++ साठी ३.४ या आवृत्तीत आणि सी साठी ४.१ मध्ये तयार साधनातून काढलेला पार्सर सोडून हाताने लिहिलेला घेतला.

पद्धतीचं नाव रिकर्सिव्ह डिसेंट. वहीतल्या प्रत्येक नियमाचं एक फंक्शन. पायथॉन ३ मध्ये फंक्शनची नावंही देवनागरीत चालतात, तेव्हा 'बेरीज', 'गुणाकार', 'एकल', 'मूळ' हीच नावं द्या. वहीचं पान आणि कोड समोरासमोर ठेवून तपासता येतात.

'बेरीज' हे फंक्शन असं चालतं:

क. 'गुणाकार'ला बोलवा, जे मिळेल त्याला 'डावं' म्हणा.
ख. पुढचं टोकन + किंवा - असेल तोवर ते उचला, पुन्हा 'गुणाकार'ला बोलवा, मिळालेलं 'उजवं'. (चिन्ह, डावं, उजवं) असा त्रिकूट बनवा आणि त्यालाच आता 'डावं' म्हणा.
ग. शेवटी 'डावं' परत द्या.

'पोती * वजन - हमाली' यातून घालवून बघा. 'बेरीज' ने 'गुणाकार'ला बोलावलं. 'गुणाकार'ने पोती, गुणिले, वजन गिळलं, पुढे उणे दिसलं, ते त्याचं नाही म्हणून थांबला आणि (*, पोती, वजन) देऊन परतला. आता 'बेरीज' ने उणे उचललं आणि हमाली आणायला पुन्हा 'गुणाकार'ला पाठवलं. झाड झालं (-, (*, पोती, वजन), हमाली). गुणाकार आधी होतो हा नियम आपण कुठेही वेगळा लिहिला नाही. कोण कोणाला बोलावतं, यातच तो बसलेला आहे. हे ज्या क्षणी लक्षात येतं, त्या क्षणी हा विषय तुमचा झाला समजा.

सगळ्यात मोठा सापळा 'ख' मध्ये आहे. काही जण लूपऐवजी 'उजव्या'साठी पुन्हा 'बेरीज'लाच बोलावतात. दिसायला सुटसुटीत, आणि बेरजेची उदाहरणं बरोबरही येतात. मग '१० - ४ - ३' द्या. लूपने झाड होतं (-, (-, १०, ४), ३) आणि उत्तर ३. त्या दुसऱ्या पद्धतीने होतं (-, १०, (-, ४, ३)) आणि उत्तर ९. म्हणून पार्सरची पहिली चाचणी कायम वजाबाकीची ठेवा, बेरीज काही पकडत नाही.

आणखी दोन गोष्टी. विधान वाचून झाल्यावर पुढचं टोकन 'ओळ संपली' आहे का हे तपासलंच पाहिजे, नाहीतर 'दाखव ५ ६' मधला ६ कोणाच्याही नकळत हरवतो. आणि प्रोग्रॅम अडकून बसला, तर जवळजवळ नेहमी कुठेतरी टोकन पाहिलंय पण उचललेलं नसतं.

चिन्हांच्या पातळ्या दहा-बाराच्या वर गेल्या की एवढी फंक्शनं कंटाळवाणी होतात. तेव्हा व्हॉन प्रॅट यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत बघा. आत्ता नको.

५. झाड चालवा

एकच फंक्शन: झाडाचा नोड (एक त्रिकूट, अंक किंवा नाव) घ्या, प्रकार बघा, त्याच्या आतल्या नोडांची किंमत त्याच फंक्शनने काढा, हिशेब करा. अंक असेल तर तोच परत. नाव असेल तर डिक्शनरीत बघा. लिस्प या जुन्या भाषेसाठी जॉन मॅकार्थी यांनी कागदावर मांडलेलं 'इव्हॅल' फंक्शन स्टीव्ह रसेल यांनी मशिनवर उतरवलं आणि लिस्पचा इंटरप्रीटर चालू लागला. आपण करतोय ते त्याच जातीचं आहे.

इथे निर्णय मात्र तुमचे असतात, ते वहीत नोंदवा:

- ७ / २ किती? ३.५ की ३? पूर्णांक भागाकार घेतलात तर लक्षात ठेवा की -७ ला २ ने तसा भागल्यावर पायथॉन -४ देतो आणि सी भाषा -३.
- ०.१ + ०.२ चं उत्तर पायथॉनच्या साध्या दशांशात ०.३०००००००००००००००४ येतं. पैशांचा हिशेब असेल तर पैसे पूर्णांकात ठेवा किंवा 'डेसिमल' मॉड्यूल घ्या.
- 'खरं + १' चालू द्यायचं का? पायथॉनमध्ये खरं म्हणजे १ धरलं जातं आणि उत्तर २ येतं. मी म्हणेन, थांबवा. नवख्याच्या भाषेत अशा गोष्टींनी गोंधळच वाढतो.
- शून्याने भागलं तर पायथॉनचा इंग्रजी निरोप बाहेर येऊ देऊ नका. तो पकडा आणि कुंदाच्या शब्दांत सांगा.

हे झालं की पहिल्या पायरीतला बटाट्याचा हिशेब चालवा. १०७०४ आलं पाहिजे.

६. जर, जोवर

जर पोती > १०
  दाखव "मोठी गाडी"
नाहीतर
  दाखव "छोटी गाडी"
संपव

'संपव' हा शब्द आवर्जून ठेवा. तो नसेल तर एकात एक दोन 'जर' आल्यावर 'नाहीतर' नेमका कोणाचा, असा वाद उभा राहतो. अल्गॉल ६० पासूनचा तो प्रसिद्ध घोळ आहे. पायथॉनसारखा आतल्या जागेवरून गट ओळखणं पुढच्या भाषेसाठी राखून ठेवा. 'जोवर' अगदी तसाच, फक्त अट पुन्हा पुन्हा तपासायची. 'आणि', 'किंवा' घालाल तर डावी बाजू आधी काढा, आणि तिच्यावरून निकाल लागत असेल तर उजवीला हात लावू नका. 'पोती > ० आणि रक्कम / पोती > ५००' अशी अट लिहिणाऱ्याला तेच अपेक्षित असतं.

७. फंक्शन, आणि नावं कुठे राहतात

कुंदात फंक्शनला 'कृती' म्हणू. आता एका डिक्शनरीने भागत नाही. प्रत्येक कृतीला बोलावलं की तिची स्वतःची नवीन डिक्शनरी बनते, आणि ती एका मोठ्या डिक्शनरीला जोडलेली असते. नाव आधी घरात शोधायचं, नाही मिळालं तर गल्लीत, मग गावात.

प्रश्न असा की मोठी डिक्शनरी कोणाची? कृती जिथे लिहिली तिथली, की जिथून बोलावली तिथली? हा प्रोग्रॅम वहीत सोडवा:

ठेव दर = ८
कृती हमाली(पोती)
  परत पोती * दर
संपव
कृती निपाणी(पोती)
  ठेव दर = १०
  परत हमाली(पोती)
संपव
दाखव निपाणी(१२)

लिहिली तिथली धरली तर उत्तर ९६, बोलावली तिथली धरली तर १२०. पहिलं निवडा. 'हमाली' वाचणाऱ्याला तिच्या वरचा ८ दिसतो. कोण कुठून बोलावणार हे त्याला ठाऊक असू शकत नाही. सुरुवातीच्या लिस्पमध्ये दुसरी रीत होती. १९७५ मध्ये आलेल्या स्कीम या भाषेने पहिली घेतली आणि आज बहुतेक भाषा तशाच आहेत. कोडमध्ये फरक एका ओळीचा आहे: कृती घोषित होते त्या क्षणाची डिक्शनरी कृतीसोबत साठवून ठेवा आणि बोलावताना तिलाच जोडा.

'ठेव' आणि 'बदल' हे दोन वेगळे शब्द करा. 'ठेव' ने नेहमी घरातल्या डिक्शनरीत नवीन नाव बनतं, 'बदल' आधीचं नाव शोधत वर जातो आणि सापडेल तिथे किंमत बदलतो, न सापडल्यास तक्रार करतो. एकाच चिन्हाने दोन्ही कामं करायला गेलं की पुढे अडतं. पायथॉनला यासाठीच तिसऱ्या आवृत्तीत 'नॉनलोकल' आणावा लागला.

'परत' साठी पायथॉनचं एक्सेप्शन, म्हणजे चालू काम मध्येच सोडून बाहेर पडण्याची सोय, वापरा. 'परत' आलं की किंमत घेऊन एक्सेप्शन फेका, कृतीला बोलावणाऱ्या जागी ते पकडा. लूपच्या आत, 'जर'च्या आत, कितीही खोल असलं तरी बरोबर बाहेर येतं.

स्वतःलाच बोलावणाऱ्या कृती लिहिल्यात की एक भिंत लागेल. पायथॉन एकात एक साधारण १००० बोलावणी चालू देतो, आणि कुंदातल्या एका बोलावण्यामागे पायथॉनची कितीतरी फंक्शनं उघडतात. त्यामुळे कुंदात ही मर्यादा हजाराच्या बरीच आधी येते. मर्यादा वाढवता येते, पण बेफाम वाढवली तर पायथॉनच कोसळू शकतो. ते एक्सेप्शन पकडून 'कृती फार खोल गेली' असं सांगणं पुरे.

८. चुकांचे निरोप जीव ओतून लिहा

या पायरीला कोणी वेळ देत नाही, आणि भाषा वापरणाऱ्याचा संबंध सगळ्यात जास्त याच्याशीच येतो. चांगला निरोप तीन गोष्टी सांगतो: कुठली ओळ, काय सापडलं, काय अपेक्षित होतं. 'ओळ ४: "=" हवं होतं, "१८" मिळालं.' एवढं मराठीत, सरळ.

इंग्रजी भाषांत चुकीच्या अक्षराखाली बाण दाखवतात. देवनागरीत तो बाण जागेवर बसत नाही. वर्गात एका मुलीने 'स्त्री' ची लांबी छापून पाहिली. "सर, हे एकच अक्षर हाय की, सहा कशाला म्हणालंय?" स, हलंत, त, हलंत, र, वेलांटी: कॉम्प्युटर सहा मोजतो, डोळा एक. म्हणून बाण सोडा. पूर्ण ओळ छापा आणि चुकलेलं टोकन अवतरणात दाखवा.

व्हेरिएबल सापडलं नाही तर जवळचं नाव सुचवा. पायथॉनच्या 'डिफलिब' मॉड्यूलमध्ये जवळचे शब्द शोधणारं फंक्शन तयार आहे. 'हमली' लिहिणाऱ्याला 'हमाली म्हणायचं होतं का?' असं विचारलं, की तो पुढच्या खेपेला आपणहून ओळ नीट वाचतो.

९. चाचण्या साठवा

एक फोल्डर करा. प्रत्येक कुंदा प्रोग्रॅमशेजारी त्याचं अपेक्षित उत्तर दुसऱ्या फाईलमध्ये. काहीही बदललं की सगळे चालवायचे. त्यात हे असलेच पाहिजेत: १० - ४ - ३, जरतारी, दोन तऱ्हांनी टाइप केलेला ऱ्या, कन्नड अंक, निपाणीची हमाली, आणि मुद्दाम चुकवलेले पाच-सहा प्रोग्रॅम, ज्यांचा निरोप तपासायचा.

१०. याच्या पुढे

याद्या घाला, मजकूर जोडणं घाला. वेग कमी वाटू लागला की झाडाऐवजी बाइटकोडकडे, म्हणजे एकामागे एक चालणाऱ्या छोट्या सूचनांकडे, वळा. 'पोती * वजन - हमाली' चं झाड एकदाच चालून पाच सूचनांची यादी बनते: घाल पोती, घाल वजन, गुण, घाल हमाली, वजा. एक लिस्ट चळत म्हणून वापरा. 'घाल' म्हणजे वर ठेवा, 'गुण' म्हणजे वरची दोन काढून गुणाकार परत वर ठेवा. आपण वापरतो तो पायथॉनही आतून असाच चळतीवर चालतो. ब्राझीलमध्ये १९९३ मध्ये जन्मलेली लुआ ही भाषासुद्धा तशीच होती, २००३ च्या ५.० आवृत्तीत ती रजिस्टरच्या पद्धतीकडे (किमती चळतीऐवजी क्रमांकाच्या खणांत ठेवण्याकडे) गेली. छोट्या भाषेचा आतला कारभार बघायचा तर लुआचा सोर्स कोड वाचा, तो खुला आहे आणि आकाराने आवाक्यातला.

बाइटकोड सुरू केलात तरी झाडावर चालणारा जुना इंटरप्रीटर फेकू नका. नवव्या पायरीतला फोल्डर दोन्हींवर चालवा, आणि ज्या प्रोग्रॅमला दोघांची उत्तरं वेगळी येतील तिथून नवीन कोड तपासायला घ्या.